गुन्हा कबूल म्हणण्याआधी

अगं, मिरवणुकीतल्या भांडणाच्या केसमध्ये तुझ्या धाकट्या भावाला जामीन मिळाला, पोरगं घरी आलं, आईच्या पोटात दोन घास गेले. आता तरी तू जरा टेक. फोनवर एका दमात इतकं विचारलंस की आधी कशाचं उत्तर द्यावं तेच कळेना. कोर्टात माझी रोजची उठबस आहे, म्हणून सांगते ते नीट ऐक आणि त्यालाही शेजारी बसवून ऐकव.

सगळ्यात आधी तुमच्या चुलतभावाचा सल्ला डोक्यातून काढून टाक. 'पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा आणि मोकळं व्हायचं.' हा सल्ला प्रत्येक कोर्टाच्या आवारात फुकट मिळतो आणि पोरांचं आयुष्य नासवतो. काय होतं बघ. पट्टेवाला पुकारा करतो, पोरगं भेदरलेलं उभं राहतं, न्यायाधीश दोषारोप वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? मागून कुणीतरी खुणावतं आणि तोंडातून 'हो साहेब' निघून जातं. दंड दोन हजार असला तरी ती दोषसिद्धीच असते गं. आपला पोरगा पहाटे पोलीस भरतीसाठी मैदानावर पळतोय. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये 'शिक्षा झाली आहे का' असा प्रश्न असतो, आणि दंड हीसुद्धा शिक्षाच.

एफआयआर म्हणजे फक्त तक्रारीची नोंद. चार्जशीट म्हणजे तपास करून पोलिसांनी मांडलेलं म्हणणं. दोन्हींमुळे कुणी गुन्हेगार ठरत नाही. चार्जशीटची प्रत आरोपीला मोफत मिळते. नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याप्रमाणे तो कोर्टात हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत ती द्यावी लागते. ती हातात पडली की पहिल्यांदा कलमं बघ आणि डॉक्टरांचा दाखला बघ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळे जुन्या दंड संहितेतले ३२३, ३२४ हे आकडे विसर. साधी दुखापत असेल तर कलम ११५(२), शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. काठी, रॉड असं हत्यार दाखवलं असेल तर ११८(१), तीन वर्षांपर्यंत. हाड मोडलं असेल तर ती गंभीर दुखापत, ११७(२), सात वर्षांपर्यंत. मिरवणुकीतल्या त्या भांडणात समोरच्या पोराला टाके पडलेत. ते साधं की गंभीर, आणि धाकट्याच्या हातात खरंच काही होतं का, सगळी केस या दोन गोष्टींवर फिरणार आहे.

११५(२) ची साधी दुखापत निघाली तर ज्याला लागलं त्याच्या संमतीने कोर्टात तडजोड होऊ शकते, आणि तशी तडजोड झाली की ती निर्दोष सुटल्यासारखीच धरली जाते. पण तुम्ही पोरं घेऊन त्याच्या दारात जाऊन दमदाटी केलीत तर जामीन जाईल आणि नवा गुन्हा लागेल. वडीलधाऱ्या माणसाला पुढे करा, वकिलाला विचारून करा. शिवाय त्या पोराच्या आईनेही हॉस्पिटलच्या बाकड्यावर रात्र काढली असेल, हे विसरू नकोस.

आता प्रोबेशन. याबद्दल तू विचारलंस हे फार बरं केलंस, कारण वकिलांकडूनसुद्धा बऱ्याचदा हे कोर्टाकडे मागायचं राहून जातं. १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम आहे. खटला चालून दोषी ठरला तरी पोराला तुरुंगात पाठवलंच पाहिजे असं नाही. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, तिथे कलम ४ खाली कोर्ट चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर त्याला सोडू शकतं, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. या काळात नीट वागायचं आणि कोर्टाने बोलावलं तर शिक्षा ऐकायला हजर व्हायचं. जखमीला भरपाई द्यायला कोर्ट सांगू शकतं. अटी मोडल्या तर मूळ गुन्ह्याची शिक्षा पुन्हा उभी राहते.

आणि धाकटा वीस वर्षांचा आहे ना, त्याच्यासाठी कलम ६ आहे. एकवीसच्या आतल्या मुलाला, जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर, कोर्टाने शक्यतो तुरुंगात धाडायचं नाही आणि धाडायचंच असेल तर कारणं लिहायची. मात्र इथे वय मोजतात ते कोर्ट दोषी ठरवतं त्या दिवशीचं, भांडणाच्या दिवशीचं नाही. सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्येच रामजी मिस्सर खटल्यात हे सांगितलंय. म्हणजे उगाच तारखा वाढवत बसलात तर एकविसावा वाढदिवस उलटून जाईल आणि हे छत्र जाईल. कलम ४ मात्र तेव्हाही उरतं, घाबरू नकोस. जन्मदाखला आत्ताच फाइलला लाव.

परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवला गेला तर ते घरी येतील. अशा वेळी घरं कशी हडबडतात ते मी पाहिलंय. पोराला नवा शर्ट, शेजाऱ्यांना पढवून ठेवलेलं, बापाची दारू लपवलेली. काही करू नका. अधिकारी घर बघतात, कॉलेजात किंवा कामावर विचारतात, सोबत कुणाची आहे ते बघतात. कॉलेजचं बोनाफाइड, भरतीच्या अकॅडमीचं पत्र, बाबांच्या आजारपणाचे कागद पुढे ठेवा आणि खरं बोला. हा अहवाल गोपनीय असतो, गावभर होत नाही.

हो, चॅप्टर केसची नोटीस वेगळी. पोलिसांनी शांतता राखण्याचं बंधपत्र तहसीलदारांपुढे लिहून घेतलं असेल तर त्याने कुणी दोषी ठरत नाही. समाजसेवेची शिक्षाही नव्या कायद्यात आलीय, पण ती किरकोळ चोरी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा अशा मोजक्या गुन्ह्यांना. आपल्या कामाची नाही.

भरतीचं खरं सांगते, गोड करून नाही. प्रोबेशनवर सुटला तर कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. पण दोष पुसला जात नाही, आणि खातं त्याच्या वागणुकीचा विचार करू शकतं. म्हणून आधी निर्दोष सुटण्यासाठी किंवा तडजोडीसाठी लढायचं, प्रोबेशन त्यानंतर. आणि फॉर्ममध्ये लपवायचं नाही, केस चालू असली तरी. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालानंतर तर हे स्पष्टच आहे: क्षुल्लक प्रकरण सांगितलं तर विचार होऊ शकतो, पण लपवलेलं उघडं पडलं तर लपवण्यावरूनच नोकरी जाऊ शकते.

वकिलाच्या फीसाठी आईच्या बांगड्या मोडू नकोस. कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर सरकारी खर्चाने वकील मिळतो. कोठडीत असलेल्याला तर उत्पन्न न बघता मिळतो. १५१०० वर फोन लाव. सोमवारी जाताना एफआयआर, जामिनाचा आदेश, जन्मदाखला आणि उत्पन्नाचा दाखला घे, आणि धाकट्याला सोबत ने. पुढची तारीख त्याच्या हाताने वहीत लिहून घे. एक तारीख चुकली तर वॉरंट निघतं, आणि मग जामीनदार म्हणून उभे राहिलेल्या मामांनाही कोर्टाची पायरी चढावी लागेल.