मोतीचा वाटा फोडणीआधी

प्रश्न : मी भाजी निवडायला बसले की आमचा मोती शेजारी येऊन बसतो आणि खाली पडलेली देठं-पानं मटकावतो. पालक तर त्याला फारच आवडतो. सासूबाई म्हणतात, कुत्र्याने पाला खाल्ला म्हणजे त्याचं पोट बिघडलंय. कुत्र्याला पालेभाज्या चालतात का? कोणत्या टाळाव्यात?
— एक वाचक, कराड

उत्तर : सासूबाईंचा समज बऱ्याच घरांत आहे, पण तो पूर्ण खरा नाही. गवत चघळणारे बहुतेक कुत्रे आधी आजारी दिसत नाहीत. पाला चघळणं हा त्यांच्या नेहमीच्या वागण्याचाच भाग आहे. मात्र पाला खाऊन मोती वारंवार ओकत असेल किंवा जेवण टाकत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

माणसाच्या संगतीत राहून कुत्रा भात-भाकरीतलं पिष्ट पचवायला शिकला, पण पानांतलं सेल्युलोज त्याला पचत नाही. म्हणून कच्चं पान बरेचदा जसंच्या तसं बाहेर पडतं. भाजी द्यायचीच तर स्वच्छ धुऊन, बारीक चिरून, वाफवून द्या. मीठ-तिखट नको. दहा किलोच्या कुत्र्याला एक-दोन चमचे पुरतात. वरखाऊ म्हणून जे काही देता, ते सगळं मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये.

मेथी, कोथिंबीर थोडी चालते. कोबीने वात धरतो, तेव्हा तो शिजवून आणि बेताने. पालक आणि माठात ऑक्झलेट जास्त असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं. निरोगी कुत्र्याने चार पानं खाल्ली तर काही बिघडत नाही, पण मूत्रपिंडाचा आजार किंवा मुतखडा असेल तर या भाज्या वर्ज्य. पालक उकळून ते पाणी टाकून दिलं की ऑक्झलेट बरंच कमी होतं. एरवी आपण ते पाणी वरणात घालतो. मोतीच्या वाटचं मात्र मोरीत ओता. आंबट चुक्यात ऑक्झलेट भरपूर, तो नकोच.

अळूची गोष्ट वेगळी. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्चं अळू आपल्या घशाला खाजतं, तसंच कुत्र्याच्याही. तोंडातून लाळ गळते, ओठ-जीभ सुजते, तो पंजाने तोंड चोळत राहतो. कुंडीतला मनीप्लँटही अळूच्याच कुळातला, तोही त्याच्या तोंडाला लागेल असा ठेवू नका.

आणि सगळ्यांत धोक्याची पात कांद्याची. कांदा, लसूण आणि त्यांची पात यांतली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्याने किंवा वाळवल्याने हा दोष जात नाही. वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला तरी त्रास होऊ शकतो; म्हणजे १० किलोच्या मोतीला ५० ग्रॅम, एक छोटा कांदा. रोज थोडा थोडा गेला तरी नुकसान साठत जातं. लक्षणं लगेच दिसत नाहीत. दोन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर-तपकिरी होते. पण तोवर थांबू नका. पात खाल्ल्याचं कळताच किती खाल्ली आणि कधी, हे डॉक्टरांना सांगा. मिठाचं पाणी पाजून ओकवायचा घरगुती उपाय करू नका, त्यानेच विषबाधा होऊ शकते.

म्हणजे भाजी निवडताना पडलेल्या मेथी-पालकाच्या चार पानांची काळजी नको. लसणाची फोडणी दिलेली तीच भाजी मोतीच्या ताटलीत जाते, तिची करा. त्याचा वाटा फोडणीआधी बाजूला काढा, आणि कांद्याची पात निवडाल त्या दिवशी त्याला स्वयंपाकघराबाहेर ठेवा.