लग्नाची कॅसेट डिस्कवर उतरवताना

नव्वदच्या दशकात बीड, अंबाजोगाई, परळीकडच्या कितीतरी लग्नांचं शूटिंग व्हीएचएस कॅसेटवर झालं. त्या कॅसेटी आजही लोखंडी कपाटात, पत्र्याच्या पेटीत पडून आहेत. फितीवरचं चित्र वर्षागणिक फिकं होतं, आणि जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवल्यापासून नवं यंत्रही मिळत नाही. त्यामुळे हे काम पुढच्या लग्नसराईवर ढकलू नका.

चालू व्हीसीआर, लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांची वायर, यूएसबी कॅप्चर कार्ड, संगणक आणि डीव्हीडी रायटर एवढं जमवा. व्हीसीआर घरात नसेल तर गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओत विचारा.

आधी कॅसेट नीट बघा. बाजूचं बारीक बटण दाबून पुढचं झाकण उचला. फितीच्या कडेला पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट यंत्रात घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. फीत स्वच्छ असेल तर कडेची रेकॉर्डिंगची प्लॅस्टिकची टिकली मोडून टाका, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी लग्न पुसलं जाणार नाही. मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पळवून परत गुंडाळा. वर्षानुवर्षं चिकटलेले वेढे त्याने सुटतात.

व्हीसीआरच्या ‘आउट’मधली पिवळी पिन चित्राची, पांढरी आवाजाची. जुन्या यंत्रांना लाल नसते, तरी काम अडत नाही. संगणकावर ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात पाल पद्धत, ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम ठेवा. चित्रावर पट्टे आले तर व्हीसीआरचं ट्रॅकिंग हळूहळू फिरवा. अगदी तळाशी थरथरणारी बारीक पट्टी राहतेच, तिच्यामागे लागू नका.

आपल्याकडे खरी अडचण लाईटची. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात आणि मध्येच लाईट गेली की एमपी४ फाईल उघडतच नाही. म्हणून रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये करा, तोवरचं काम वाचतं. व्हीसीआर इन्व्हर्टरवर लावा. पहिली पाच मिनिटं उतरवून आवाज ऐकून बघा, मगच पूर्ण कॅसेट लावा.

डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, म्हणजे चांगल्या दर्जाचे साधारण दोन तास. त्यामुळे मोठ्या कॅसेटला दोन डिस्क लागतील. डिस्क राइट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डीव्हीडी व्हिडिओ’ हा प्रकार निवडा आणि कमी वेगाने राइट करा. डिस्कवर नाव मार्करनेच लिहा, बॉलपेनने ओरखडा पडतो. डिस्कही कायमची नसते, म्हणून मूळ फाईल हार्ड डिस्कवर ठेवा आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी.

एवढं झालं तरी निम्मं काम बाकी असतं. मांडवात बसलेली माणसं कोण, हे घरातल्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक. ऊसतोडीचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, भाऊबंद गावी परतले की सगळ्यांना एकत्र बसवून डिस्क लावा. जो चेहरा ओळखला जाईल त्याचं नाव, नातं, गाव आणि तो कितव्या मिनिटाला दिसतो हे वहीत लिहा. त्या वहीचा फोटो काढून फाईलसोबत ठेवा, आणि मूळ कॅसेट फेकू नका.