मनी प्लांट लावा, पण डास पाळू नका

हल्ली घरोघरी दिवाणखान्यात, खिडकीत किंवा दुकानाच्या गल्ल्याजवळ काचेच्या बाटलीत सोडलेली मनी प्लांटची वेल दिसते. या वेलीने घरात पैसा येतो, हवा शुद्ध होते, असे बरेच जण मानतात. रुग्णही मला याबद्दल विचारतात. पैशाचे मी काय सांगणार? परंतु आरोग्याच्या दृष्टीने या वेलीविषयी काही गोष्टी प्रत्येकाला ठाऊक असायला हव्यात.

ही वेल मूळची पॅसिफिक महासागरातील मोरेआ बेटावरची. उष्ण, दमट हवा आणि मोठ्या झाडांची सावली तिच्या सवयीची. त्यामुळे घरातला मंद उजेडही तिला चालतो. कडक ऊन मात्र सोसत नाही, पाने करपतात.

हवा शुद्ध होण्याचा समज अमेरिकेच्या 'नासा' संस्थेच्या १९८९ सालच्या अहवालामुळे पसरला. ते प्रयोग लहानशा बंद पेटीत केलेले होते. आपले घर म्हणजे बंद पेटी नव्हे. अशा अनेक प्रयोगांचा २०१९ मध्ये फेरआढावा घेतला गेला. घरात एरवी हवा खेळते, तेवढा परिणाम झाडांनी साधायचा तर दर चौरस मीटर जागेत १० ते १,००० झाडे लागतील, असे त्यात दिसून आले. तेव्हा शुद्ध हवेसाठी खिडकी उघडावी. वेल लावावी ती डोळ्यांना गारवा आणि मनाला विरंगुळा म्हणून.

आता मुख्य मुद्दा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, तर घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. मनी प्लांटची बाटली आणि कुंडीखालची ताटली या त्याच्या आवडीच्या जागा. मादी आपली अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या बाजूस चिकटवते. ही अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. पाणी पुन्हा त्यांच्यापर्यंत चढले की अळ्या बाहेर पडतात. उष्ण हवेत साधारण आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात.

आपण सहसा काय करतो? बाटलीतले पाणी कमी झाले की वरून भर घालतो. म्हणजे चिकटलेल्या अंड्यांना आपल्याच हाताने पाणी पाजतो! म्हणून आठवड्यातून एकदा बाटली पूर्ण रिकामी करावी, आतून ब्रशने घासावी, वेलीची मुळे धुवावीत आणि मगच ताजे पाणी भरावे. जुने पाणी अंगणातल्या कोरड्या मातीवर ओतावे. आरोग्य खाते सांगते तो 'कोरडा दिवस' पाळताना पिंप आणि हौदाबरोबर या बाटलीचीही आठवण ठेवावी.

त्याहून सोपा उपाय म्हणजे वेल मातीत लावणे. पेर असलेला वीतभर तुकडा कापून, तळाला भोक असलेल्या कुंडीत लावावा. वरची इंचभर माती कोरडी झाली की पाणी द्यावे. रोज नको, मुळे कुजतात. ताटलीत उतरलेले पाणी लगेच टाकून द्यावे. पाने ओल्या फडक्याने पुसावीत.

दुसरी काळजी लहान मुलांची. मनी प्लांट अळूच्या कुळातली आहे. कच्चे अळू घशाला खाजते, ते त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तसेच स्फटिक मनी प्लांटमध्येही असतात. रांगत्या मुलाने पान चावले तर तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ-जीभ सुजतात. याच कुळातली, रुंद ठिपकेदार पानांची डिफेनबाखिया तर अधिक त्रास देते. अशा वेळी तोंडातले तुकडे काढावेत, तोंड पुसावे, थोडे गार पाणी किंवा दूध द्यावे. उलटी करवू नये. चीक डोळ्यांत गेल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा व डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेण्यास वा गिळण्यास त्रास होऊ लागला तर तत्काळ रुग्णालय गाठावे. मुळात वेल मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवणे उत्तम.

एक सूचना शेवटी. अचानक चढलेला ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे आणि अंग मोडून येणे ही डेंग्यूची लक्षणे असू शकतात. अशा तापात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये. रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला म्हणून निर्धास्तही राहू नये. त्याच सुमारास पोटात जोराने दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त येणे यांपैकी काही आढळले तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. आणि घरी आल्यावर बाटल्या, ताटल्या आधी रिकाम्या कराव्यात. कारण त्याच डासापासून घरातल्या दुसऱ्या माणसालाही ताप येऊ शकतो.