शब्दांचें लिंग : मराठी आणि स्पॅनिश

'दुकान उघडली', 'माझी आवाज बसली', 'पुस्तक फाटली' अशीं वाक्यें आपल्या भागांत पुष्कळदां कानांवर पडतात. ऐकणारे हंसतात आणि बोलणारा खजील होतो. परंतु हा दोष आळसाचा नव्हे. ज्याच्या घरीं उर्दू, दखनी किंवा हिंदी बोलतात, त्यानें दुकान, आवाज व पुस्तक हे तिन्ही शब्द लहानपणापासून स्त्रीलिंगी म्हणूनच ऐकलेले असतात. मराठींत मात्र तें दुकान, तो आवाज व तें पुस्तक. वस्तु तीच, शब्दहि तोच. लिंग तेवढें निराळें. यावरून एक गोष्ट ध्यानांत येते कीं, निर्जीव पदार्थाचें लिंग त्या पदार्थांत नसतें. तें भाषेनें ठरविलेलें असतें. हीच गोष्ट आम्ही या लेखांत थोडी उलगडून सांगणार आहों.

आपला मुलूख तर अनेक भाषांच्या शेजारांत वसलेला आहे. इ. स. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानांत होता व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. चुडाव्याहून रेल्वेनें नांदेडवरून धर्माबादच्या पलीकडे गेलें म्हणजे तेलगु मुलूख लागतो. तेलगूंत एकवचनीं पुरुषांचा वर्ग निराळा असून, स्त्रिया व निर्जीव वस्तु यांना क्रियापदाचें रूप एकच लागतें. मराठींत लिंगें तीन, हिंदी-उर्दूंत दोन, तेलगूची मांडणी अशी वेगळी. अशा ठिकाणीं मुलांची जीभ अडखळली तर नवल नाहीं.

आतां हें लिंग ओळखावें कसें? तें नामाहूनहि त्याच्या सोबत्यांवरून अधिक स्पष्ट दिसतें. 'माझा पांढरा घोडा पळाला', 'माझी पांढरी घोडी पळाली', 'माझें पांढरें वासरूं पळालें' हीं वाक्यें पाहा. नामाबरोबर सर्वनाम, विशेषण व क्रियापद हीं तिन्ही बदललीं. एवढेंच नव्हे, तर 'मुलानें आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, केळें खाल्लें' येथें क्रियापद खाणाराकडे पाहत नाहीं, खाल्लेल्या पदार्थाकडे पाहतें. म्हणून एका नामाचें लिंग चुकलें कीं सारें वाक्य बिघडतें.

दूर युरोपांतील स्पेन देशाच्या भाषेची रीतिहि अशीच आहे. पण थोड्या फरकानें. तेथें 'लिब्रो' म्हणजे पुस्तक हा शब्द पुल्लिंगी व 'कासा' म्हणजे घर हा स्त्रीलिंगी. पांढरें पुस्तक तें 'एल लिब्रो ब्लांको', आणि पांढरें घर तें 'ला कासा ब्लांका'. नामापूर्वीं येणारा 'एल' किंवा 'ला' हा लहानसा शब्द व नामाचें विशेषण हीं दोन्ही लिंगाप्रमाणें बदलतात. मात्र 'तो गेला, ती गेली' असा भेद त्यांच्या क्रियापदांत नाहीं. या बाबतींत मराठी शिकणाराचें काम अधिक कठीण आहे.

स्पॅनिशमध्यें ओकारान्त नामें बहुधा पुल्लिंगी व आकारान्त बहुधा स्त्रीलिंगी असतात. मराठींत याच्या अगदीं उलट! आपल्याकडे घोडा, आंबा, विळा असे आकारान्त शब्द बहुधा पुल्लिंगी; काठी, वाडी, भाकरी असे ईकारान्त बहुधा स्त्रीलिंगी; आणि तळें, सोनें, गाणें असे एंकारान्त नपुंसकलिंगी. याचें मौजेचें उदाहरण म्हणजे बटाटा. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेंतून आला. ती भाषा स्पॅनिशची सख्खी बहीण असून तिच्यांत 'बटाटा' स्त्रीलिंगी आहे. मराठींत येतांच शेवटच्या 'आ'मुळें तो घोडा, आंबा यांच्या पंक्तीस बसला व पुल्लिंगी झाला. परका शब्द घरांत आला म्हणजे त्याला घरची रीत पाळावी लागते.

नियम तेथें अपवाद हे आलेच. स्पॅनिशमध्यें हात या अर्थाचा 'मानो' शब्द ओकारान्त असून स्त्रीलिंगी आहे, आणि दिवस या अर्थाचा 'दीया' आकारान्त असून पुल्लिंगी आहे. आपल्याकडे शाळा, भाषा, हवा हे शब्द आकारान्त असून स्त्रीलिंगी आहेत. मोती व हत्ती ईकारान्त असून पुल्लिंगी. पाणी, लोणी व दही तर नपुंसकलिंगी! आकारान्त शब्दांपुरती एक सोपी कसोटी आहे. विभक्तीचा प्रत्यय लावून पाहावा. पुल्लिंगी शब्दाच्या 'आ'चा बहुधा 'या' होतो व स्त्रीलिंगी शब्दाच्या 'आ'चा 'ए' होतो. आपण चुडाव्याहून पूर्णेस जातों. 'चुडावेहून पूर्ण्यास' असें कोणी म्हणत नाहीं. कसोटी आपल्या जिभेवरच आहे.

झाड व फळ यांचा भेदहि लिंगानें दाखवितां येतो. स्पॅनिशमध्यें संत्र्याचें झाड तो 'नारांखो' व फळ ती 'नारांखा'. हा शब्द मूळचा आपल्या नारिंगाचाच आप्त. तो इराणांतून व अरबांच्या मुखानें स्पेनला पोंचला. आपल्याकडे झाड ती केळ व फळ तें केळें. जुन्या लेखनांत अनेक झाडें त्या 'केळी' व अनेक फळें तीं 'केळीं'. एका अनुस्वारानें भेद कळे. इ. स. १९६२ च्या नियमांनीं असे अनुच्चारित अनुस्वार गेले. ते जुन्या पुस्तकांत दिसल्यास निरर्थक टिंबें समजूं नयेत. ही खूण दिसावी म्हणूनच आम्हीं या लेखांत जुनें लेखन ठेविलें आहे.

आणखी एक साम्य पाहा. लॅटिनमध्यें लिंगें तीन होतीं. तिची कन्या स्पॅनिश हिच्या नामांतून नपुंसकलिंग गेलें. संस्कृतांतहि तीन होतीं. हिंदींतून नपुंसकलिंग गेलें. मराठी, कोंकणी व गुजराती यांनीं तें राखलें. संस्कृतांतील नपुंसकलिंगी 'पुस्तक' मराठींत तसेंच राहिलें व हिंदींत स्त्रीलिंगी झालें, तें याचमुळें.

मग अभ्यास कसा करावा? नाम कधींहि एकटें पाठ करूं नये; 'तो दगड, ती भिंत, तें घर' असें सोबत्यासह पाठ करावें. 'तो माळ' म्हणजे उंचवट्याची मोकळी जमीन व 'ती माळ' म्हणजे मण्यांची. सोबती सोडला तर अर्थहि हरवतो. संशय येईल तेव्हां कोश पाहावा. मोल्सवर्थसाहेबांनीं इ. स. १८३१ च्या आपल्या मराठी-इंग्रजी कोशांत नामांपुढें लिंग दिलें आहे. परदेशांतून आलेल्या त्या गृहस्थास हीं लिंगें एकेक करून शिकावीं लागलीं. आपल्या वर्गांतील दुसऱ्या भाषेच्या मुलाची स्थिति तीच आहे.

पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलाचें लिंग चुकल्यास हंसूं नये. शुद्ध वाक्य सहज उच्चारून दाखवावें. हंसें झालेला मुलगा मराठी बोलणेंच टाळतो, आणि जो बोलत नाहीं तो शिकत नाहीं.

अभ्यास : पुढील शब्दांमागें 'नवा, नवी, नवें' यांपैकीं योग्य तें विशेषण लावा व उत्तरें कोशांत पडताळून पाहा : तिकीट, मोटार, स्टेशन, मोती, विद्या, कुलूप, बाग. यांतील एका शब्दाचीं दोन लिंगें रूढ आहेत. तो कोणता?