लडाखमधील बर्फावरची हॉकी

हॉकी म्हटली की आपल्याकडील वाचकांच्या डोळ्यांसमोर हिरवे मैदान येते. लडाखमधील मुलांसमोर मात्र गोठलेले तळे उभे राहते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह शहरात डिसेंबरच्या मध्यापासून रात्रीचे तापमान शून्याखाली बरेच उतरते, शेते उघडी पडतात, शाळांना दीर्घ सुट्टी लागते. या रिकाम्या दिवसांतूनच लडाखमध्ये आइस हॉकी रुजली.

भारतात बर्फावरील खेळांचा आरंभ सिमल्यास झाला. तेथील नैसर्गिक बर्फाचे मैदान १९२० सालचे. परंतु तो खेळ राज्यकर्त्यांच्या करमणुकीपुरता राहिला. लडाखमध्ये १९७० च्या दशकात तो आला तो लष्करी जवानांबरोबर, आणि तेथून गावकऱ्यांकडे गेला. साहित्य दुर्मीळ होते. लष्करी बुटांच्या तळाशी लोखंडी पाते बसवून स्केट्स तयार केल्या जात, असे जुने खेळाडू सांगतात. लेहमधील कारझू तळे हे या खेळाचे पहिले क्रीडांगण. १९८५ मध्ये लडाख विंटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि सामन्यांना नियमितपणा आला. १९८९ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला.

या खेळाचा खरा कस लागतो तो क्रीडांगण तयार करण्यात. तळे एकदा गोठले की काम संपले असे नाही. रात्री थंडी वाढली की पाण्याचा पातळ थर पसरावयाचा, तो गोठल्यावर दुसरा. थर जाड झाला तर बर्फ पोकळ राहतो व स्केटच्या पात्याखाली फुटतो. सकाळी झाडलोट करून मगच खेळ. हे काम बहुधा खेळाडूच करतात आणि त्याचा मोबदला कोणी मागत नाही. हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा; एखादा उबदार आठवडा आला की तोही आखडतो.

अशा मोजक्या दिवसांत बर्फावर प्रथम हक्क कोणाचा, हा प्रश्न मुलींच्या वाट्याला विशेष आला. मोठ्या पुरुष संघांचा सराव आटोपल्यावर उरेल तो वेळ त्यांचा. फे गावाजवळ सिंधूच्या काठी असलेल्या 'सेकमोल' या शैक्षणिक संस्थेने आपल्या आवारात बर्फ तयार करून मुलामुलींना एकत्र खेळविले, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची ठरते. भारतीय महिला संघ २०१६ मध्ये आशियाई चॅलेंज चषकासाठी तैपेईला गेला आणि एकही सामना जिंकू शकला नाही. वर्षभर बर्फावर खेळणाऱ्या संघांपुढे दोन महिन्यांचा सराव कितीसा पुरणार! पुढील स्पर्धेसाठी देशभरातून लोकवर्गणी गोळा झाली. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपाइन्सवर ४-३ अशी मात करून या संघाने पहिला आंतरराष्ट्रीय विजय नोंदविला.

लडाख स्काउट्स आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे संघ राष्ट्रीय स्पर्धांत अग्रेसर राहिले आहेत. या दलांत खेळाडूला नोकरीची संधी असल्याने अनेक पालकांचा विरोध मावळला. इतरांसाठी मात्र हा खेळ आजही निव्वळ हौसेचा आहे. स्केट्स धाकट्या भावंडाकडे जातात आणि मापाची नसली तरी मोजे भरून चालविली जातात.

यंत्राने गोठविलेल्या बर्फाची निकड मात्र जुनीच आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांसाठी डेहराडून येथे बंदिस्त क्रीडांगण उभारले गेले, पण ते नंतर अनेक वर्षे बंद राहिले व २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले. लेहहून तेथे जाणे सर्वांना परवडणारे नाही. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचे सामने २०२४ मध्ये लेहमध्ये झाले, त्यांतील काही गुपुक तळ्याच्या नैसर्गिक बर्फावर.

२०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे महिलांच्या आशिया चषक स्पर्धेत भारताने कांस्यपदक मिळविले. या संघात लडाखी मुलींचा मोठा भरणा होता. स्पर्धा भरली जून महिन्यात, लेहच्या तळ्यांत बर्फाचा मागमूसही नसताना.