कुड्याच्या सालीपासून औषधाच्या कुपीपर्यंत

वनस्पतींतील औषधी द्रव्यांचे संशोधन म्हटले की सामान्यतः हिमालयातील दुर्मिळ जडीबुटी किंवा परदेशातील एखादी भव्य प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते. उल्हासनगरच्या कॅम्प क्रमांक एकमधील विज्ञानशिक्षकाला मात्र या शास्त्राचा पहिला पाठ आपल्या परिसरातच देता येईल. अंबरनाथ-बदलापूरच्या दक्षिणेस मलंगगड व चंदेरीची जी डोंगररांग आहे, तिच्या उतारांवर पांढरा कुडा वाढतो. उन्हाळा सरता सरता तो पांढऱ्या फुलांनी बहरतो आणि त्या फुलांची भाजी आदिवासी पाड्यांवर आवडीने खाल्ली जाते. आयुर्वेदाने 'कुटज' या नावाने गौरविलेला वृक्ष तो हाच. त्याच्या सालीचा काढा आमांशावर देण्याची प्रथा फार जुनी आहे.

या सालीत नेमके कोणते द्रव्य गुणकारी असते, याचा शोध प्रथम मुंबईतच लागला. १८५८ साली हेन्स यांनी कुड्याच्या सालीतून एक अल्कलॉइड वेगळे केले. तेच पुढे 'कोनेसीन' या नावाने ओळखले जाऊ लागले. आमांश उत्पन्न करणाऱ्या अमीबावर त्याचा परिणाम होतो, हे नंतरच्या प्रयोगांनी दाखविले आणि काही काळ ते औषध म्हणून वापरातही होते. परंतु काही रुग्णांत निद्रानाश व मानसिक अस्वस्थता अशी लक्षणे दिसू लागली आणि अधिक निर्धोक औषधे उपलब्ध होताच कोनेसीन मागे पडले. संपूर्ण सालीचा काढा आणि तीतून वेगळे काढलेले शुद्ध द्रव्य या दोन भिन्न वस्तू आहेत. एकीच्या अनुभवावरून दुसरीची मात्रा ठरविता येत नाही.

येथे आणखी एक अडचण आहे व ती प्रयोगशाळेत नव्हे, रानातच उभी राहते. पांढऱ्या कुड्याच्या जोडीने काळा कुडाही आढळतो. दोघांची फुले पांढरी, दोघांच्या शेंगा लांब व जोडीने लोंबणाऱ्या. काळ्या कुड्याच्या शेंगा बराच काळ टोकाशी एकमेकींस चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या राहतात. एकाचे बी कडू इंद्रजव, तर दुसऱ्याचे गोड इंद्रजव म्हणून ओळखले जाते. बाजारात या दोन सालींची सरमिसळ होते आणि मग औषधाला गुण नाही असा बोल वैद्याला लागतो. म्हणूनच संशोधनाची पहिली पायरी म्हणजे वनस्पतीची निश्चित ओळख पटवून तिचा वाळविलेला नमुना जतन करणे ही होय. प्रस्तुत लेखकाच्या मते ही पायरी जितकी सोपी तितकीच दुर्लक्षित आहे.

त्यापुढील कृती समजावयास अवघड नाही. साल सावलीत वाळवून तिची भुकटी करतात व ती अल्कोहोलसारख्या द्रावकात भिजवितात. अल्कलॉइडे अल्कधर्मी असल्यामुळे आम्लयुक्त पाण्यात लवणांच्या रूपाने विरघळतात. त्या पाण्यात अल्क मिसळले की ती पुन्हा मोकळी होतात आणि दुसऱ्या द्रावकात उतरवून घेता येतात. तरीही हाती येते ते मिश्रणच. ते क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे वर्णलेखनाने, अनेक भागांत विभागतात. प्रत्येक भागाची पेशींवर वा जंतूंवर परीक्षा घेतली जाते, जो भाग क्रियाशील ठरेल तोच पुन्हा विभागला जातो आणि असे करीत अखेर एकच शुद्ध संयुग उरते. त्यानंतर त्याची रेणुरचना निश्चित करावयाची. प्राण्यांवरील विषपरीक्षा आणि मानवी चाचण्या यांत पुढे कित्येक वर्षे जातात.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांत यातील एक लहानसा प्रयोग वारंवार केला जातो. जंतूंची वाढ केलेल्या बशीत अर्काचे थेंब टाकतात व भोवती जंतुविरहित वर्तुळ उमटले की अर्क गुणकारी असल्याचे जाहीर होते. विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी हा प्रयोग उत्तम आहे. मात्र बशीत टाकलेल्या अर्काची तीव्रता रक्तात कधीच साधत नाही, असे अनेकदा घडते आणि पुष्कळ द्रव्ये जंतूंबरोबर आपल्या पेशींनाही मारतात. अशा वर्तुळाच्या बळावर रोग्याला औषध सुचविणे धोक्याचे होय.

मुंबईच्या उपनगरांत या क्षेत्रात झालेले कार्य जगाने नोंद घ्यावी असे आहे. शहाडहून लोकलने ज्या मुलुंडला आपण सहज जातो, तेथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात माईनमुळ्यातून 'फोरस्कोलिन' हे संयुग मिळविण्यात आले व १९७७ साली त्याची रचना प्रसिद्ध झाली. माईनमुळा म्हणजे ज्याचे लोणचे घालतात तोच! या संयुगाने रक्तदाब उतरतो व हृदयाचे आकुंचन जोमदार होते. पेशींच्या अभ्यासासाठी जगभरच्या प्रयोगशाळा ते आजही वापरतात. त्यापासून तयार केलेले, पाण्यात विरघळणारे संयुग जपानमध्ये हृदयविकारावर वापरात आले.

गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राची कथा याहून महत्त्वाची, कारण तिचा शेवट प्रयोगशाळेत होत नाही. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल, मनसुख वाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका चिनी वृक्षातून 'कॅम्पटोथेसिन' या कर्करोगविरोधी संयुगाची रचना उलगडली. यांपैकी वाणी हे नंदुरबार येथे १९२५ साली जन्मलेले, मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. पुढे १९७१ साली 'टॅक्सॉल'ची रचनाही याच जोडीने प्रसिद्ध केली. कॅम्पटोथेसिनचा तो वृक्ष आपल्याकडचा नव्हे. परंतु १९७२ साली गोरेगाव येथे गोविंदाचारी व विश्वनाथन यांना तेच संयुग सह्याद्रीतील नरक्या या झाडात आढळले आणि तेही अधिक प्रमाणात. झाडाला दुर्गंध येतो. शास्त्रीय नावातही तो उतरला आहे. त्यामुळे तोपर्यंत या झाडाकडे फारसे कोणी वळले नव्हते.

प्रारंभीच्या चाचण्यांत हे संयुग अतिशय विषारी ठरून बाजूस पडले होते. ते पेशीतील टोपोआयसोमरेज नावाच्या विकरास अडवून वाढत्या पेशींचा नाश करते, हे १९८५ साली उमगल्यावर मात्र चित्र पालटले. त्यात फेरबदल करून बनविलेली टोपोटेकन व इरिनोटेकन ही औषधे १९९६ साली अमेरिकेत मान्य झाली. पहिले अंडाशयाच्या व दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर दिले जाते. मागणी वाढली आणि सह्याद्रीतून नरक्याच्या लाकडाची बेसुमार तोड सुरू झाली. लाकडातील संयुगाचे प्रमाण शेकड्यास एक भागाहूनही बरेच कमी, म्हणजे थोड्या औषधासाठी लाकडाचे ढीग लागणार. तोडणाऱ्याच्या हाती मजुरीपलीकडे काही आले नाही.

या तोडीला पर्याय शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी नरक्याच्या अंतर्भागात राहणारी एक बुरशी वेगळी केली व तीही कॅम्पटोथेसिन निर्माण करते, असे २००५ साली प्रसिद्ध केले. अशा बुरशींचे पुनःपुन्हा संवर्धन केले असता उत्पादन घटत जाण्याचा अनुभव असल्याने हा मार्ग अद्याप निर्वेध झालेला नाही.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने येथे जैविक विविधता अधिनियम, २००२ महत्त्वाचा आहे. त्यानुसार ग्रामपंचायतींप्रमाणेच नगरपरिषदा व महानगरपालिका यांनीही जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. अर्थात बदलापूरजवळच्या खेड्यांइतकेच हे उल्हासनगरलाही लागू आहे. व्यापारी हेतूने वनस्पती गोळा करणाऱ्यांवर संकलन शुल्क बसविण्याचा अधिकार समितीला आहे. स्थानिक वैदूंच्या परंपरागत वापरास कायद्याने मोकळीक ठेवली आहे. परदेशी कंपनीस संशोधनासाठी नमुना हवा असेल तर चेन्नई येथील राष्ट्रीय प्राधिकरणाची पूर्वसंमती लागते. राज्य मंडळ २०१२ पासून नागपुरात आहे.

समितीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते आणि ती लिहिताना शाळेचे साहाय्य घ्यावे. वनस्पतीचे स्थानिक नाव, ती कोठे व कोणत्या ऋतूत आढळते, तिचा कोणता भाग कोण व कशासाठी वापरतो, हे सर्व त्यात यावे. नोंद करताना केवळ 'कुडा' असे न लिहिता पांढरा की काळा ते स्पष्ट लिहावे आणि सोबत फुलासह वाळविलेली फांदी ठेवावी.