मागून आणलेली मोटार आणि विमा

थोरल्या ताईच्या लग्नात वडिलांनी गावातल्या एका गुरुजींची मोटार दोन दिवसांसाठी मागून आणली. चालवायला मामा. परतताना अरुंद पुलाच्या कठड्याला ती घासली. डावा दरवाजा चेपला. "विमा आहे ना, मग काळजी कसली?" असे सारेच म्हणाले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून पॉलिसीचे कागद माझ्या हाती आले. अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा ते अवघड, हे कबूल करते.

मोटारीचा विमा चालविणाऱ्याचा नसतो, गाडीचा असतो. मालकाच्या संमतीने दुसरा कोणी चालवीत असेल आणि त्याच्याजवळ वैध परवाना असेल, तर विमा लागू राहतो. मामांचा परवाना चालू होता. येथवर आम्हाला हायसे वाटले.

पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा केवळ 'तिसऱ्या पक्षा'चा आहे. म्हणजे मोटारीने वाटसरूला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेची हानी झाली, तर भरपाई कंपनी देते. खुद्द मोटारीच्या दुरुस्तीसाठी वेगळा हप्ता भरून सर्वसमावेशक पॉलिसी घ्यावी लागते. गाडी जुनी म्हणून गुरुजींनी ती घेतली नव्हती. तेव्हा पुलाच्या कठड्याला विम्याचे संरक्षण होते, दरवाजाला नव्हते!

ती पॉलिसी असती तरी सारे फुकट झाले नसते. १५०० सी.सी.पर्यंतच्या मोटारीत पहिले १००० रुपये मालकालाच सोसावे लागतात, आणि दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी २० ते ५० टक्क्यांची सूट पुढल्या वर्षी जाते. शिवाय खासगी मोटारीचे भाडे घेतले तर कंपनी दावा नाकारू शकते. आईने गुरुजींना पैसे देऊ केले होते. त्यांनी घेतले नाहीत, हे बरेच झाले.

मागून आणणाऱ्याचे स्थान कायद्यात मोठे विचित्र आहे. एक तरुण दुसऱ्याची मोटारसायकल चालविताना अपघातात दगावला. वारसांनी भरपाई मागितली ती त्याच मोटारसायकलच्या मालकाकडे व विमा कंपनीकडे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वाहन मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, त्याला तिसरा पक्ष म्हणता येत नाही. वारसांना करारातील वैयक्तिक अपघाताचे एक लाख रुपये तेवढे मिळाले.

आमच्या प्रकरणात वडिलांनी न्यायालयाची वाट पाहिली नाही. गुरुजी नको नको म्हणत असताना सोयाबीन विकून दोन हप्त्यांत त्यांनी दुरुस्तीचे पैसे दिले. त्या दरवाजाचा रंग मात्र अजून वेगळा दिसतो.